आखडलेला खांदा, न वळणारं कोपर: दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या आगेमागे या चुका टाळा

"फक्त तीन भोकं, दुसऱ्या दिवशी घरी." आखडलेल्या सांध्यावरच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल नातेवाईक एकमेकांना सांगतात ते एवढंच. त्यात खोटं काही नाही. जेमतेम 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण, कातडीला सेंटिमीटरपेक्षा लहान छेद, खांद्याचं काम बहुतेक वेळा तासाभरात उरकतं. पण त्या तासात सर्जन सांध्याभोवतीचं आकसलेलं आवरण मोकळं करतो, बस्स. ते मोकळं राहणार की पुन्हा चिकटणार, हे आधी घेतलेल्या निर्णयांवर आणि नंतरच्या पाच-सहा आठवड्यांवर ठरतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन करूनही हात पुन्हा अडकलेले जे पेशंट माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची गडबड थिएटरच्या बाहेर झालेली असते.

दुखणारा प्रत्येक खांदा फ्रोझन नसतो

वय पन्नाशीचं, शुगर आहे, हात वर जात नाही, ब्लाऊजचे हूक लावता येत नाहीत. म्हणजे फ्रोझन शोल्डर (आवरण आकसून आखडलेला खांदा), असं शेजारच्या काकूसुद्धा सांगून मोकळ्या होतात. अनेकदा त्यांचं बरोबरही निघतं. सर्वसाधारण लोकांत 100 पैकी 2 ते 5 जणांना हा त्रास कधी ना कधी होतो, मधुमेह असलेल्यांत त्याच्या कितीतरी पट जास्त. तरी ऑपरेशनपर्यंत जाण्याआधी घरीच एक तपासणी करून बघा. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. फ्रोझन शोल्डरमध्ये हीच हालचाल सगळ्यात आधी जाते, आणि दुसऱ्या कुणी हात धरून फिरवला तरी ती होत नाही. तुम्हाला स्वतःला हात उचलता येत नाही, पण घरातल्या कुणी धरून उचलला की सहज वर जातो, असं असेल तर सांधा आखडलेला नाही. बहुधा खांद्याभोवतीच्या रोटेटर कफला, म्हणजे हात उचलणाऱ्या-फिरवणाऱ्या स्नायूंच्या पट्ट्याला, चीर गेलेली असते. अशा खांद्याचं आवरण कापून हाती काही लागत नाही.

एमआरआय काढला की साधा एक्स-रे कशाला, असं वाटतं. फ्रोझन शोल्डरमध्ये एक्स-रे जवळपास नॉर्मल येतो, आणि तो नॉर्मल आहे हे बघण्यासाठीच काढायचा असतो. झिजलेला सांधाही असाच अडकतो, त्याचे उपाय वेगळे. आणखी एक भानगड आहे. आकडी येऊन गेल्यावर किंवा विजेचा जबर झटका बसल्यावर खांदा कधी कधी मागच्या बाजूला निखळतो. फक्त समोरून काढलेल्या फिल्मवर हे सहज सुटून जातं आणि पेशंट महिनोन्महिने निखळलेल्या खांद्याला भिंतीवर बोटं चालवायला लावत बसतो. दुखणं आकडीनंतर किंवा शॉकनंतर सुरू झालं असेल तर डॉक्टरांना ते सांगा, विचारलं नाही तरी सांगा. बाजूने किंवा काखेतून घेतलेली दुसरी फिल्म अशा वेळी लागतेच.

उलटंही होतं. एमआरआयच्या रिपोर्टात "पार्शियल टिअर" (अर्धवट चीर) हे दोन शब्द वाचून माणूस हादरतो. पन्नाशीनंतर असे बारीक दोष कित्येकांच्या अजिबात न दुखणाऱ्या खांद्यातही दिसतात. रिपोर्ट आणि हात दोन्ही समोर ठेवून निर्णय घेणारा डॉक्टर शोधा.

घाई, आणि तिच्या उलट टोकाची चूक

फ्रोझन शोल्डर तीन टप्प्यांतून जातो: आधी दुखतो, मग जाम होतो, मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. पहिल्या टप्प्यात आवरण सुजलेलं, लालभडक असतं आणि रात्री त्या कुशीवर वळताच येत नाही. नेमक्या याच काळात माणूस वैतागून "एकदाचं कापून टाका" म्हणतो. हा काळ ऑपरेशनचा नव्हे. सांध्याच्या आत दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन याच टप्प्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, आणि हात ओढूनताणून केलेला व्यायाम सगळ्यात जास्त नडतो. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर चार-सहा दिवस साखर वर जाते. आधी कुणी सांगितलं नसेल तर मीटरवरचा आकडा बघून घाबरायला होतं.

ब्रिटनमधल्या 503 पेशंटवरचा एक मोठा अभ्यास 2020 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटाला इंजेक्शनसह ठरावीक फिजिओथेरपी, दुसऱ्याला भूल देऊन हात फिरवून सांधा सोडवणं, तिसऱ्याला दुर्बिणीतून आवरण मोकळं करणं. वर्षाने तिन्ही गट सुधारले. एक उपाय दुसऱ्याहून ठळकपणे सरस ठरला नाही, आणि गंभीर गुंतागुंती दुर्बिणीच्या गटात जास्त दिसल्या. यावरून ऑपरेशन निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. त्याचा नंबर रांगेत नंतरचा आहे एवढंच म्हणेन. इंजेक्शन झालं, काही महिने नेटाने व्यायाम झाला, दुखणं उतरलं, तरी हात खांद्याच्या वर जाईना, तर मग दुर्बीण योग्य.

"आपोआप जातं म्हणे" या भरवशावर तीन-तीन वर्षं काढणारेही भेटतात, बहुतेक मधुमेहीच. त्यांचा खांदा जास्त घट्ट धरतो आणि पुष्कळदा पूर्ण सुटतच नाही. हाडं ठिसूळ झालेल्या बाईंचा हात नुसती भूल देऊन फिरवणं मात्र धोक्याचं, दंडाचं हाड मोडू शकतं. तिथे डोळ्यांसमोर, हवं तेवढंच आवरण कापणारी दुर्बीण बरी.

तारीख ठरवण्याआधी

ऑपरेशन पुण्यात, घर तालुक्याच्या गावी, आणि फिजिओथेरपिस्ट तीस किलोमीटरवर. ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. आधी फिजिओची वेळ पक्की करा, मग सर्जनची तारीख घ्या. सुगी, घरातलं लग्न, शाळेच्या परीक्षा असं काही पुढच्या दीड महिन्यात असेल तर ऑपरेशनच पुढे ढकला. फ्रोझन शोल्डर काही इमर्जन्सी नाही. व्यायामही आधीच शिकून घ्या. दुखत्या हाताने नवीन काही शिकणं कठीण जातं.

साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए1सी, बहुतेक सर्जन 8 च्या आसपास किंवा खाली आणायला सांगतात. खांद्यात शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ती तारीख लपवू नका. इंजेक्शननंतर लगेच काही आठवड्यांत ऑपरेशन केलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने थांबवू नका आणि चालूही ठेवू नका, विचारा.

घरी आल्यावर

बरेच सर्जन भूल असतानाच हात पूर्ण वर नेऊन त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि नंतर पेशंटला दाखवतात. तो व्हिडिओ मागून घ्या. दहाव्या दिवशी हात कपाळाच्या वर जाईना आणि "ऑपरेशन फसलं" असं वाटू लागलं की उपयोगी पडतो. पडद्यावर तोच हात कानाला टेकलेला दिसतो. म्हणजे सांधा मोकळा झालेला आहे, आता अडवतायत ते दुखणं आणि भीती.

पहिल्या दिवशी मानेजवळ दिलेल्या भुलेमुळे हात लाकडासारखा पडून राहतो, साधारण 12 ते 24 तास. तेवढा वेळ आवाज घोगरा होणं, त्या बाजूची पापणी जरा खाली येणं, दम किंचित लागल्यासारखं वाटणं हेही होतं आणि भुलेबरोबर जातं. दम खरोखरच लागत असेल तर मात्र वाट बघू नका. ड्रेसिंग गुलाबी पाण्याने भिजतं. सांध्यात सोडलेलं सलाईन बाहेर येत असतं. खांदा फुगलेला दिसतो, तोही एक-दोन दिवसांत उतरतो.

गळ्यातली पाऊच स्लिंग भूल उतरेपर्यंत आणि फार तर एक-दोन दिवस गर्दीत जाताना. इथे घरच्यांचं प्रेम आड येतं. "ऑपरेशन झालंय, आराम कर" म्हणत महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवतात. हाड जोडल्यावर किंवा फाटलेला स्नायू शिवल्यावर आराम हवा असतो. इथे काही जोडलेलं नाही, जे चिकटलं होतं ते सोडवलंय. हात हलला नाही तर कापलेल्या कडा पुन्हा एकमेकींना धरणार.

दुसरी चूक गोळ्यांची. "दुखणं सहन होतंय, मग गोळी कशाला?" गोळी व्यायामासाठी आहे. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर कोणती चालेल हे आधीच ठरवून घ्या. व्यायाम दिवसातून एकदा तासभर नको, चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं करा: पाठीवर निजून चांगल्या हाताने दुसरा वर नेणं, काठीने पंजा बाहेर ढकलणं, टॉवेलने हात पाठीमागे वर ओढणं. सुरुवातीला सगळे नुसतं वर नेण्याच्या मागे असतात आणि बाहेर वळवणं विसरतात. नंतर हात वर जातो, पण केस विंचरता येत नाहीत.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हालचाल थोडी कमी झाल्यासारखी वाटली तर आधी गोळ्या सोडल्यात का ते बघा. बहुतेक वेळा तेच असतं.

कोपर म्हणजे लहान खांदा नव्हे

कोपराचा स्वभाव चिडका. खांद्याला चालतो तेवढा जोर कोपराला लावला की ते आणखी आखडतं. हात मोडून प्लास्टर निघालं, कोपर अर्ध्यात अडकलं, की घरचे मालिशवाल्याकडे किंवा हाडवैद्याकडे नेतात. तो तेल चोळून, हिसके देऊन कोपर "सरळ" करतो. आतल्या स्नायूत रक्त साकळतं आणि काही जणांत त्या जागी चक्क हाड तयार होतं. आधी दहा-वीस अंश कमी असलेलं कोपर मग पार काटकोनात थिजतं. मोडलेल्या कोपराला मालिश नाही, हिसका नाही, बादली लटकवणं नाही. लहान मुलांचं कोपर तर प्लास्टरनंतर खेळता-खेळता काही महिन्यांत बहुधा आपणच सुटतं. आजी-आजोबांना तेवढं पटवून द्या.

आणि कोपर पूर्ण सरळ झालंच पाहिजे हा हट्टही सोडा. अमेरिकेतले सर्जन मॉरी यांनी 1981 मध्ये मोजून दाखवलं की रोजची बहुतेक कामं 30 ते 130 अंशांच्या पट्ट्यात भागतात (पूर्ण सरळ कोपर म्हणजे शून्य अंश). घास तोंडापर्यंत जातो, शर्टाचं वरचं बटण लागतं, फोन कानाला येतो आणि फक्त शेवटचे वीस अंश सरळ होत नाहीत, एवढ्यासाठी ऑपरेशनचा धोका घेणं मला पटत नाही. आधी काही महिने स्वतःच्या ताकदीने व्यायाम आणि स्क्रूने थोडं-थोडं ताणता येणारा स्प्लिंट (हाताला बांधायचा आधारपट्टा) वापरून बघा.

ऑपरेशन करायचंच तर सर्जनला थेट विचारा: "कोपराची दुर्बीण तुम्ही नेहमी करता का?" यात उद्धटपणा नाही. 1931 मध्ये बर्मन या सर्जनने मृतदेहांवर प्रयोग करून कोपर दुर्बिणीला योग्य नाही, असंच लिहून टाकलं होतं. पुढे तंत्र सुधारलं, पण जागा तेवढीच अरुंद राहिली, आणि हाताच्या तिन्ही मोठ्या नसा छेदांपासून काही मिलिमीटरवरून जातात. आधी अपघातात प्लेट बसवली असेल किंवा अल्नर नस (कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी) हलवून पुढे घेतली असेल तर ते जुने कागद सोबत न्याच, नेहमीच्या जागी छेद घेणं तेव्हा धोक्याचं ठरतं. सांध्यात वाढीव हाड असेल तर सीटी स्कॅन लागतो. अशा वेळी सर्जनने सरळ उघडून ऑपरेशन करायचं म्हटलं तर तो जुन्या वळणाचा आहे असं समजू नका.

कोपर ऑपरेशनआधी काटकोनापर्यंतही वाकत नसेल तर अल्नर नस त्याच वेळी मोकळी करणार का, हेही विचारून घ्या. वर्षानुवर्षं आखूड जागेत राहिलेली ही नस कोपर एकदम जास्त वाकायला लागलं की ताणली जाते. मग करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, पंजाची पकड सैल पडते. व्यायामाने असं होतंय, होईल कमी, म्हणून बसू नका. वाकवण्याचे व्यायाम थांबवून त्याच दिवशी सर्जनला कळवा.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात कोपर गरम, टणक लागतंय आणि मिळालेली हालचाल रोज थोडी कमी होतेय, असं दिसलं तर व्यायामाचा जोर वाढवू नका, एक्स-रे काढा; नवं हाड धरत असण्याची शक्यता असते. खांद्याच्या बाबतीत भूल उतरूनही दंडाच्या बाहेरच्या बाजूचा तळहाताएवढा भाग बधिर राहिला आणि हात बाजूला उचलताच येईना, तर आवरणाच्या खालून जाणाऱ्या नसेला धक्का बसलेला असू शकतो, तेही कळवा. ताप, छेदातून पू, किंवा गोळ्यांनीही न थांबणारी कळ आणि बोटं हलेनाशी होणं, यांतलं काहीही दिसलं तर फोनवर वेळ घालवू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.