डिझेल फिल्टर: पाणी, कचरा आणि हवा यांचा बंदोबस्त

कॉमन रेल डिझेल इंजिनात एकाच सामाईक नळीतून (रेल) जास्त दाबाचं डिझेल सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे इंधन फवारणाऱ्या भागांना, मिळतं. त्या इंजेक्टरमध्ये हलत्या भागांमधली फट जेमतेम २ ते ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, आणि ४० मायक्रॉनच्या खालचा कण नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे बरणीत लख्ख दिसणाऱ्या डिझेलमध्येही इंजेक्टर घासून टाकणारी धूळ असू शकते. फडक्यातून गाळून डिझेल भरण्याची सवय म्हणूनच फारशी कामाची नाही. फडक्याची भोकं या धुळीपुढे खिडकीएवढी असतात, शिवाय त्याचे तंतू टाकीत जातात ते वेगळेच.

बहुतेक डिझेल गाड्यांत गाळण दोन टप्प्यांत होते. टाकी आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) यांच्यामध्ये प्रायमरी फिल्टर असतो, साधारण १० ते ३० मायक्रॉनचा, आणि पाणी वेगळं करणारी वाटी बहुधा त्यालाच जोडलेली असते. त्यापुढे हाय प्रेशर पंपाच्या अलीकडे २ ते ५ मायक्रॉनचा सेकंडरी. लहान गाड्यांत दोन्ही कामं एकाच डब्यात उरकलेली असतात. पाणी पंपाच्या आधीच काढायचं याला कारण आहे. पंपातून गेलं की पाण्याचे थेंब फुटून इतके बारीक होतात की डिझेल दुधाळ दिसायला लागतं, आणि ते थेंब मग तळाशी बसायला तयार होत नाहीत. बायोडिझेल मिसळलेल्या इंधनात हा त्रास आणखी वाढतो.

फिल्टर घेताना डब्यावरच्या मायक्रॉनच्या आकड्यावर भुलू नका. ‘५ मायक्रॉन’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो फिल्टर त्या मापाचे निम्मे कणही सोडत असेल. खरी माहिती बीटा आकडा देतो, म्हणजे येणारे कण आणि पुढे जाणारे कण यांचं गुणोत्तर. ५ मायक्रॉनला बीटा २ म्हणजे येणाऱ्या दोन कणांपैकी एक पुढे जातो, बीटा ७५ म्हणजे ९८.७ टक्के कण अडतात, आणि बीटा २०० म्हणजे ९९.५ टक्के. आटे जुळतात म्हणून दुसऱ्या इंजिनाचा फिल्टर चढवणं हा महागात पडणारा शहाणपणा. गाडी चालते, तक्रार काही नसते, आणि इंजेक्टर हळूहळू झिजत राहतात. पार्ट नंबर जुळला पाहिजे.

पाणी काढणं

फिल्टर बदलण्यापेक्षा हे काम जास्त वेळा करावं लागतं आणि नेमकं हेच राहून जातं. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी, इंजिन चालू करण्यापूर्वी काढा. तोपर्यंत पाणी तळाशी बसलेलं असतं. वाटीखाली पारदर्शक बरणी धरा, ड्रेन कॉक दीड-दोन फेरे सैल करा आणि १०० ते २०० मिली इंधन घ्या. धार येत नसेल तर वरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) थोडा ढिला करा, नाहीतर हॅन्ड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा पंप) दाबा. कॉक हातानेच बंद करायचा. तो प्लास्टिकचा असतो, पाना लावला की तडकतो आणि तिथूनच पुढे हवा शिरते.

बरणी दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी खाली, डिझेल वर, मधली रेघ स्पष्ट दिसते. त्या रेघेवर काळपट-तपकिरी बुळबुळीत थर असेल तर टाकीत जिवाणू-बुरशी वाढली आहे. ही वाढ पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच होते, म्हणून तळाचं पाणी काढल्याशिवाय औषध टाकून उपयोग नाही. औषधाचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं पाळा, हातमोजे घाला आणि फिल्टर जास्तीचे आणून ठेवा. मेलेली वाढ सुटून येते आणि पहिला फिल्टर एक-दोन दिवसांतही चोक होऊ शकतो.

फिल्टर बदलणं

इंजिन बंद करा, थंड होऊ द्या. आधी फिल्टरचा डबा, हेड (डबा ज्यावर चढतो तो भाग) आणि आसपासचे पाइप ब्रशने आणि डिझेलने धुऊन पुसा. या दोन मिनिटांच्या कामाचा कंटाळा केला तर हेडवरची धूळ थेट आत पडते, आणि सेकंडरीच्या पुढच्या बाजूला पडलेल्या कणाला अडवायला मग काहीही उरलेलं नसतं. पुसायला तंतू न सोडणारा कपडा घ्या, कापसाचा बोळा नको. टाकी इंजिनाच्या वरच्या पातळीला असेल तर कॉक बंद करा.

वाटीतलं इंधन काढून घ्या, पाण्याच्या सेन्सरचा कनेक्टर सोडवा आणि बेल्ट पान्याने डबा फिरवा. डबा हातात आल्यावर सर्वात आधी जुनी रबरी रिंग पाहा. ती हेडलाच चिकटून राहिली असेल आणि तिच्यावर नवी बसली तर कितीही आवळलं तरी गळती थांबणार नाही. सेन्सर आणि वाटी पुन्हा वापरायची असतील तर त्यांच्या ओ-रिंगही नव्या घाला, जुन्या दाबून चपट्या झालेल्या असतात.

नवा फिल्टर अगदी बसवायच्या क्षणी पिशवीतून काढा. रिंगला स्वच्छ डिझेलचं बोट फिरवा. हाताने आटे चढवत रिंग हेडला टेकेपर्यंत न्या आणि तिथून अर्धा ते पाऊण फेरा, डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तसं. पान्याने आवळायची गरज नाही. जास्त आवळल्याने रिंग पिळवटते आणि पुढच्या वेळी डबा सुटता सुटत नाही.

आता सर्वात जास्त चुकणारी गोष्ट. इंजिन लवकर चालू व्हावं म्हणून अनेक जण नवा सेकंडरी फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून मग चढवतात. मधलं मोठं भोक स्वच्छ बाजूचं असतं. तिथून ओतलेलं डिझेल फिल्टरच्या कागदातून जातच नाही, सरळ पंप आणि इंजेक्टरकडे निघतं. सेकंडरी कोरडाच बसवा आणि प्रायमरने भरा. प्रायमरी भरायचाच असेल तर कडेच्या लहान भोकांतून, मधलं भोक झाकून.

हवा काढताना हॅन्ड प्रायमर कडक लागेपर्यंत दाबायचा. ब्लीड स्क्रू असेल तर तो ढिला ठेवून, बुडबुडे थांबून एकसंध धार येईपर्यंत. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ‘ऑन’वर अर्धा मिनिट ठेवा, बंद करा, असं चार-पाचदा. नंतर स्टार्टर मारा, पण एका वेळी १५-२० सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये दोन मिनिटं सोडून. कोरड्या फिल्टरवर नुसता स्टार्टर मारत राहिलात तर हाय प्रेशर पंप वंगणाविना फिरतो, कारण त्याचं वंगण डिझेलच आहे.

जुन्या इंजिनांवर इंजेक्टरचा नट ढिला करून हवा काढायची पद्धत होती. कॉमन रेलवर ती अजिबात वापरू नका. रेलमधला दाब १,६०० बारच्या पुढे जातो. एवढ्या दाबाची सुईसारखी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टिपक्याएवढी दिसली तरी ती शस्त्रक्रियेची वेळ असते, थांबून बघण्याची नव्हे. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

इंजिन चालू झाल्यावर पाच मिनिटं चालू ठेवा, फिल्टरभोवती पाहा, आणि फेरफटका मारून आल्यावर पुन्हा एकदा पाहा.

तरीही त्रास असेल तर

सकाळी गाडी उशिरा चालू होते, एकदा चालू झाली की ठीक चालते, हे हवा धरण्याचं लक्षण. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीवर काम करतो, म्हणून तिथल्या फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. जागा कोरडी दिसली म्हणून तिला निर्दोष समजू नका. पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे पाहा. ते दिसले तर टाकीच्या बाजूने एकेक सांधा वगळत पुढे या. नळीवरचे क्लिप, फिल्टरची रिंग आणि ड्रेन कॉक हे तीन बहुतेक वेळा गुन्हेगार असतात.

चढावर किंवा भार असताना ताकद कमी पडते आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक चालते, तेव्हा फिल्टर चोक झाल्याचा संशय घ्या. पण त्याआधी टाकीचं झाकण उघडून पाहा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि गाडी सुधारली तर झाकणाचा श्वासमार्ग बंद आहे, फिल्टर बिचारा निर्दोष. थंडीत सकाळी बंद पडणारी आणि ऊन चढल्यावर सुरळीत होणारी गाडी असेल तर डिझेलमधलं मेण गोठून कागदावर बसतंय. त्यावर फिल्टर बदलून फायदा नाही, थंडीला चालणारं इंधन किंवा फिल्टरचा हीटर लागतो.

जुना फिल्टर टाकण्यापूर्वी कापून कागद उलगडा. लालसर गाळ म्हणजे टाकीत पाणी आणि गंज. काळा डांबरासारखा चिकट थर बहुधा जुन्या, साठवून खराब झालेल्या डिझेलचा. चकचकीत धातूचे कण प्रायमरीत सापडले तर टाकीतला पंप किंवा रिटर्न लाइन (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी) तपासायला हवी, आणि मग नुसत्या फिल्टरवर भागणार नाही. हाय प्रेशर पंपच झिजत असेल तर त्याचे कण रिटर्नमधून टाकीत आणि तिथून परत फिल्टरकडे येतात.

फिल्टर मुदतीआधी बदलण्याचा अट्टहास मात्र नको. वापरातला कागद थोडा भरला की उलट जास्त बारीक कण अडवतो, आणि प्रत्येक वेळी हेड उघडताना आत धूळ पडण्याची संधी मिळते. पुस्तिकेतल्या अंतराला बदला. लागोपाठ दोन फिल्टर लवकर चोक झाले तर तिसरा विकत घेण्याऐवजी टाकी धुवा.

पेट्रोलची गोष्ट थोडी वेगळी. टाकीतल्या पंपाला चाळणी असते, काही गाड्यांत पुढे लाइनमध्ये फिल्टर. साध्या इंजेक्शनच्या लाइनमध्ये ३ ते ४ बार दाब असतो, म्हणून आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मगच नळी सोडा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जास्त पाणी गेलं तर पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाशी वेगळे होतात. तो थर फिल्टर अडवू शकत नाही, टाकी पूर्ण रिकामी करून नवं इंधन भरावं लागतं.