टनामागे किती युनिट? लहान फाउंड्रीने वीज, रिजेक्शन आणि कार्बन यांचा हिशेब कसा मांडावा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले वसाहतीतील लहान फाउंड्र्यांकडे, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांकडे, आता ग्राहकांकडून दराच्या चौकशीबरोबर आणखी एक तक्ता येऊ लागला आहे. वर्षभरात वीज किती वापरली, डिझेल किती जाळले आणि कास्टिंगच्या (ओतलेल्या भागांच्या) टनामागे कार्बन उत्सर्जन किती झाले, असे त्यात विचारलेले असते. त्यामागे दोन कारणे आहेत. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून शाश्वततेचा अहवाल देणे बंधनकारक केले असून त्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे वळल्या आहेत. दुसरीकडे, युरोपीय संघाने आयात मालावरील कार्बन समायोजनाची यंत्रणा, म्हणजे सीबॅम, ऑक्टोबर 2023 पासून नोंदणीपुरती आणि जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष आकारणीसाठी लागू केली आहे.

असा तक्ता हाती पडला की अनेक कारखानदार प्रथम सॉफ्टवेअर विक्रेत्याला बोलावतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. ज्या कारखान्यात भट्टीला स्वतंत्र मीटर नाही आणि रिजेक्शनची नोंद महिनाअखेरीस आठवणीवर लिहिली जाते, तिथे भिंतीवरचा रंगीत डॅशबोर्ड केवळ चुकीचे आकडे अधिक वेगाने दाखवतो. म्हणून पहिले तीन महिने फक्त एका आकड्यासाठी द्यावेत: ग्राहकाकडे गेलेल्या चांगल्या कास्टिंगच्या प्रत्येक टनामागे किती युनिट वीज लागली.

हा आकडा भट्टीच्या माहितीपत्रकातील आकड्याहून बराच वेगळा असतो. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवण्यासाठी प्रत्यक्षात साधारण 550 ते 650 युनिट लागतात, आणि मालक चर्चेत हाच आकडा सांगतो. पण वितळलेल्या रसाचा मोठा भाग रनर-रायझरमध्ये, म्हणजे साच्यात रस पोचवणाऱ्या वाटा व साठ्यांमध्ये, जातो आणि पुन्हा भट्टीत येतो. समजा, टनाला 600 युनिट लागतात, यील्ड, म्हणजे ओतलेल्या रसापैकी कास्टिंग बनणारा भाग, 60 टक्के आहे आणि तयार कास्टिंगपैकी 8 टक्के रिजेक्ट होतात. मग चांगल्या कास्टिंगच्या टनामागे केवळ वितळवण्याची वीज 600 भागिले 0.60 भागिले 0.92, म्हणजे सुमारे 1087 युनिट होते. भट्टीला हात न लावता रिजेक्शन 4 टक्क्यांवर आणले, तर हाच आकडा सुमारे 1042 वर येतो. महिन्याला दीडशे टन माल पाठवणाऱ्या कारखान्यात हा फरक पावणेसात हजार युनिटांच्या घरात जातो. ब्लो-होल (वायूमुळे पडणारी पोकळी) आणि वाळूचे दोष हा गुणवत्ता विभागाचा विषय आणि वीज हा देखभाल विभागाचा, ही वाटणी इथेच मोडून काढावी लागते.

मोजणीची सुरुवात मीटरपासून करावी. भट्टी, कॉम्प्रेसर, सँड प्लँट (साच्याची वाळू तयार करणारा विभाग) आणि फेटलिंग-शॉट ब्लास्टिंग (कास्टिंग साफ करणारा विभाग) या चार ठिकाणी स्वतंत्र मीटर पुरेसे आहेत. प्रत्येक मोटारीला मीटर बसवण्याची घाई करू नये. मीटर आरएस-485 जोडणीचे घ्यावेत, म्हणजे पुढे संगणकाला जोडताना ते बदलावे लागणार नाहीत. बसवल्यानंतर सर्वप्रथम सीटीचे, म्हणजे मोठा प्रवाह मीटरसाठी कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे, गुणोत्तर तपासावे. 200/5 ची सीटी असताना मीटरमध्ये 100/5 भरले गेले, तर वापर नेमका निम्मा दिसतो, आणि सुधारणा झाल्याचा आनंद वर्षभर टिकतो. म्हणून महिनाअखेरीस चारही मीटरांची बेरीज, प्रकाशयोजना आणि कार्यालयाचा अंदाज धरून, महावितरणच्या बिलाशी ताडून पाहावी. पाच टक्क्यांहून अधिक तफावत राहिली, तर ती मिटेपर्यंत पुढे जाऊ नये. उच्चदाब ग्राहकांचे बिल आता केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरचा परिणाम धरणाऱ्या एककावर) निघते, त्यामुळे तुलना करताना केडब्ल्यूएचचे (प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांचे) रीडिंगच घ्यावे. दोन्ही एकमेकांत मिसळले की पॉवर फॅक्टरचा दोष भट्टीच्या माथी जातो.

मीटरनंतर हीट-शीट, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक वितळणीची (हीटची) नोंद. बहुतेक फाउंड्र्यांत ती असतेच, पण तिचा उपयोग रसायन तपासण्यापुरता केला जातो. तिच्यात प्रत्येक हीटचा क्रमांक, चार्जचे, म्हणजे भट्टीत टाकलेल्या मालाचे, प्रकारवार वजन (पिग आयर्न म्हणजे कच्चे लोखंड, पोलादी भंगार, बोअरिंग म्हणजे मशिनिंगचा कीस, स्वतःचे रिटर्न म्हणजे परत आलेले रनर-रायझर), सुरुवातीचे व शेवटचे मीटर रीडिंग, टॅपिंगचे (भट्टीतून रस काढतानाचे) तापमान आणि साच्यात न जाता उरलेला रस इतके लिहावे. त्याशिवाय एक रकाना अवश्य ठेवावा: रस तयार झाल्यावर भट्टी किती मिनिटे धरून ठेवली आणि का. साचे तयार नव्हते, क्रेन दुसरीकडे अडकली होती, रसायनाचा अहवाल उशिरा आला, अशी कारणे मेल्टरला तोंडपाठ असतात. ती कागदावर कधीच येत नाहीत. दोन-तीन आठवड्यांच्या शीट एकत्र मांडल्या की बहुधा असे दिसते की टनामागचे युनिट भट्टीमुळे कमी आणि मोल्डिंगच्या नियोजनामुळे अधिक वाढतात. त्यावर उपाय म्हणून नवी भट्टी घेण्याआधी साच्यांची संख्या मोजूनच हीट सुरू करणे, झाकण वापरणे आणि वाळू चिकटलेले रिटर्न शॉट ब्लास्टमधून काढून मगच चार्ज करणे ही कामे करून पाहावीत. चिकटलेल्या वाळूचा स्लॅग (मळी) होतो, आणि तो वितळवण्याचीही वीज लागते.

ही शीट मोबाइलवर भरून घ्यायची की कागदावर, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. भट्टीशेजारी हातमोजे घातलेल्या माणसाकडून दहा रकाने टाइप करून घेण्यापेक्षा त्याने खडूने फळ्यावर लिहावे आणि सुपरवायझरने शिफ्ट संपताना ते स्प्रेडशीटमध्ये घालावे, हे अधिक काळ टिकते. मीटर रीडिंग मात्र आपोआप नोंदवले जाईल अशी व्यवस्था लवकर करावी, कारण हाताने लिहिलेल्या रीडिंगमध्ये आकडे उलटसुलट होतातच.

कॉम्प्रेसरची गळती शोधायला तर उपकरणही लागत नाही. साप्ताहिक सुटीच्या दिवशी सर्व यंत्रे बंद ठेवून, हवेच्या लाइनचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवावा आणि तो किती वेळ लोडवर (हवा दाबत) व किती वेळ अनलोडवर (मोकळा फिरत) राहतो हे घड्याळाने मोजावे. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, हेच गळतीचे प्रमाण. लोड दीड मिनिट आणि अनलोड सहा मिनिटे आली, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 20 टक्के हवा वाया जात आहे. दहा टक्क्यांच्या आत आणणे शक्य असते, आणि त्यासाठी बहुतेक वेळा होज, क्लॅम्प व कपलिंग बदलणे पुरते. गळती कमी झाल्यावर दाबही एक बारने उतरवून पाहावा. त्यामुळे कॉम्प्रेसरची वीज साधारण सहा-सात टक्के वाचते.

यील्ड वाढवण्याचे काम अधिक कसबाचे आहे. रनर-रायझरची रचना बदलताना प्रत्यक्ष साचे फुकट घालवण्याऐवजी संगणकावर घनीभवनाचे सिम्युलेशन करून पाहणे स्वस्त पडते. आयआयटी मुंबईच्या ई-फाउंड्री या उपक्रमाने ओतकामाचे ऑनलाइन धडे आणि सिम्युलेशनची सोय लहान कारखान्यांच्या आवाक्यात आणली आहे. सर्वाधिक टनेज असलेले दोन-तीन पार्ट आधी निवडावेत. सगळे पॅटर्न एकदम हाती घेतले की कोणताच पूर्ण होत नाही.

सौरऊर्जेचा विचार यानंतर करावा. रात्रीच्या वीजदर सवलतीमुळे अनेक भट्ट्या रात्रपाळीत चालत आल्या आहेत, आणि छतावरील पॅनेल दिवसा वीज देतात. मात्र 2023 च्या केंद्रीय नियमदुरुस्तीत सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवण्याची तरतूद आली आहे. त्यामुळे चालू बिलावरील वेळनिहाय आकारणी पाहून आधी पाळी ठरवावी आणि मगच पॅनेलचा आकार.

आता ग्राहकाचा तक्ता. विजेचे उत्सर्जन काढण्यासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा उत्सर्जन गुणांक प्रसिद्ध करते. तो युनिटमागे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे. वरील उदाहरणातील 1087 युनिटांचे त्यामुळे सुमारे 760 किलो होतात. जनरेटरच्या डिझेलसाठी लिटरमागे सुमारे 2.7 किलो धरतात. ही दोन उत्सर्जने वेगळ्या रकान्यांत द्यावीत, कारण डिझेल तुमच्या आवारात जळते आणि वीज दुसरीकडे तयार होते. सीबॅमसाठी हा भेद महत्त्वाचा आहे: लोखंड-पोलादाच्या मालाबाबत तिथे सध्या विजेचे अप्रत्यक्ष उत्सर्जन आकारणीत धरत नाहीत, पण चार्जमधील पिग आयर्न बनताना झोतभट्टीत झालेले उत्सर्जन धरतात, आणि ते पिग आयर्नच्या टनामागे दीड ते दोन टन असू शकते. याउलट भंगार शून्य उत्सर्जनाचे मानतात. म्हणजे चार्जच्या वजनांची नोंद, जिचा उपयोग आजवर खर्च काढण्यापुरता होता, तीच आता निर्यातीचा पुरावा ठरते. मात्र आपला माल सीबॅमच्या यादीत येतो का, हे एचएसएन क्रमांकावरून (मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावरून) आधी पाहावे. पाइप-फिटिंग आणि नट-बोल्ट यादीत आहेत. वाहनांचे सुटे भाग म्हणून जाणारी कास्टिंग मूळ यादीत नाहीत, त्यामुळे तिथला तक्ता ग्राहकाच्या स्वतःच्या अहवालासाठी असतो आणि त्यात विजेचे उत्सर्जनही द्यावे लागते.

तक्त्यासोबत एक पान जोडावे आणि त्यावर आकड्यांचा कालावधी, कारखान्याचा कोणता भाग धरला व कोणता वगळला, गुणांक कोणत्या वर्षीचा घेतला आणि टन म्हणजे ओतलेले की पाठवलेले, हे स्पष्ट लिहावे. जॉबवर्कला बाहेर दिलेले मशिनिंग वगळले असेल, तर तसे नमूद करावे. बाहेरच्या तपासणीचा शिक्का हवा असल्यास सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) प्रमाणपत्र योजना पाहावी. तिच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला 80, लघुउद्योगाला 60 आणि मध्यम उद्योगाला 50 टक्के अनुदान मिळते, आणि ब्राँझ पातळीसाठी लागणाऱ्या नोंदींपैकी बऱ्याच या शीटमधूनच निघतात. मूळ हीट-शीट आणि महावितरणची बिले वर्षनिहाय फायलीत ठेवावीत, कारण ग्राहकाचा लेखापरीक्षक आला की तो स्प्रेडशीट पाहत नाही. एखाद्या महिन्यातील कोणत्याही एका हीटचा कागद मागतो.