सोलापूरच्या धुळीत आणि उन्हात रेकॉर्ड्स कशा सांभाळायच्या

मंगळवार बाजारात भंगारवाल्याकडं गाण्यांच्या जुन्या रेकॉर्ड्सचा गठ्ठा दिसला की आपण भाव करतो आणि तो हमखास म्हणतो, "घ्या की ओ, पाण्यानं धुतलं की नवं होतंय." त्याचं ऐकून मी पहिल्या सात-आठ रेकॉर्ड्स थेट नळाखाली धरल्या होत्या. वाळल्यावर सगळ्यांवर पांढरे डाग, जसे बादलीच्या कडेला बसतात तसेच, आणि वाजवताना चुरचुर आधीपेक्षा जास्त. आपल्याकडचं पाणी जड, बोअरचं तर विचारूच नका, त्यातले क्षार रेकॉर्डवरच्या बारीक खाचेत बसले की सुई प्रत्येक फेरीला त्यांच्यावरनं जाते.

पण पाण्याच्या आधी एक गोष्ट बघा, हातात आहे ती रेकॉर्ड नक्की कुठली. लेबलवर 78 लिहिलेलं असेल (म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्या), जड असेल आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं असेल तर ती बहुतेक लाखेची. ती आपल्या कडक भाकरीसारखी, पडली की तुकडेच. 33 किंवा 45 ची असेल तर ती व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसी, जरा वाकते. हे ओळखणं एवढ्यासाठी महत्त्वाचं की लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल अजिबात लावायचं नाही. सुतार पॉलिशसाठी चपडा, म्हणजे लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवतो ना, तोच प्रकार तुमच्या रेकॉर्डचा होईल. तिला डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ कापड, आणि लगेच कोरडी करायची, भिजत तर ठेवायचीच नाही.

व्हिनाइलसाठी माझं मिश्रण असं: 800 मिली डिस्टिल्ड वॉटर, 200 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि त्याच लिक्विडचे तीन-चार थेंब, जास्त नको नाहीतर साबणच खाचेत राहतो. अल्कोहोल नुसतं आयसोप्रोपिलच घ्या, हँड सॅनिटायझर नको कारण त्यात ग्लिसरीन असतं. काच पुसायचा स्प्रे पण नको. आमच्या घरी जुन्या रेकॉर्डवर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचे, चकाकायची मस्त, आणि मग अख्ख्या घराची धूळ तिच्यावरच येऊन चिकटायची.

आधी कोरडा ब्रश. कार्बन फायबरचा मिळाला तर उत्तम, रेकॉर्ड फिरत असताना हलका टेकवायचा, दोन-तीन फेऱ्या होऊ द्यायच्या आणि हळूच बाहेरच्या कडेकडं सरकवत उचलायचा. रोज वाजवायच्या आधी एवढं केलं तरी धुवायची वेळ फार कमी येते. धुवायचीच असेल तर लेबल वाचवा, ते साधारण 10 सेमीचं असतं, तेवढ्या मापाचं प्लास्टिकच्या डब्याचं झाकण वर दाबून धरायचं. मिश्रण शिंपडायचं, मिनिटभर थांबायचं, आणि मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं, म्हणजे गोल गोल फिरवायचं, आडवं घासायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं धुवून काढायचं, ही पायरी सगळे चुकवतात आणि मग म्हणतात फरक पडला नाही.

पुसायला मायक्रोफायबर घ्या. सोलापूरचा टॉवेल जगभर जातो, मला पण अभिमान आहे, पण रेकॉर्डवर तो नको, त्याचे तंतू खाचेत अडकतात. नंतर ताटांच्या स्टँडमध्ये उभी ठेवायची आणि पंखा बंद, नाहीतर ओल्या रेकॉर्डवर धूळ उडून बसते. उन्हाळ्यात तशीही पटकन वाळते.

उन्हाळ्याचं मात्र मनावर घ्या. एप्रिल-मे मध्ये इथं पारा चाळिशीच्या वर असतो आणि बंद गाडीत त्याहून किती तरी जास्त. मी एकदा दोन एलपी, म्हणजे 33 च्या मोठ्या रेकॉर्ड्स, मागच्या सीटवर ठेवून नव्या पेठेत तासाभराच्या कामाला गेलो, परत आलो तर एक बशीसारखी झालेली. दोन जाड काचांच्या मध्ये वजन ठेवून महिनाभर दाबली, थोडी सरळ झाली, पूर्ण नाही. इस्त्री वगैरे करायच्या भानगडीत पडू नका, खाचच जाईल. घरात पण पश्चिमेच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट असेल किंवा वर पत्रा असेल तर तिथं नको, आतल्या खोलीत खालच्या कप्प्यात ठेवा.

ठेवायच्या उभ्याच, तिरक्या पण नाहीत आणि एकावर एक तर नाहीच. शंभर एलपी कव्हरसकट 25 किलोच्या आसपास जातात, हलकं फळकूट झोल खातं. आतलं कागदी पाकीट फाटलं असेल तर वर्तमानपत्र गुंडाळू नका, अँटी-स्टॅटिक प्लास्टिकचं घ्या. आपली हवा कोरडी म्हणून रेकॉर्ड पाकिटातनं काढली की चटचट वीज येते आणि धूळ ओढली जाते, त्याला हे पाकीट बरं पडतं. पावसाळ्यात कव्हरवर पांढरी बुरशी आली तर दुसऱ्या रेकॉर्ड्सपासून ती लगेच बाजूला काढा, आणि वाळवीसाठी महिन्यातनं एकदा कप्पा सगळा रिकामा करून बघा.

आता सुई. हिऱ्याच्या सुईचं आयुष्य साधारण 500 ते 1000 तास, झिजलेली सुई धुतलेल्या रेकॉर्डचं पण वाटोळं करते. साफ करताना छोटा ब्रश मागून पुढं फिरवायचा, उलटा नाही, नाहीतर सुईची दांडीच वाकते. आणि 78 च्या रेकॉर्डला एलपीची सुई लावू नका, 78 ची खाच बरीच रुंद असते, तिची सुई वेगळी मिळते.