गॅस्ट्रिक बँडनंतर पोळी का अडकते? जेवताना या चुका टाळा

रविवारची सकाळ होती. वजन कमी करण्यासाठी पोटात बँड बसवला त्या ऑपरेशनला तीन महिने झाले होते आणि आठवड्यापूर्वीच बँड थोडा टाइट करून घेतला होता. सासूबाईंनी तव्यावरची पोळी तूप लावून थेट माझ्या ताटात वाढली. तिसऱ्या घासाला छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. मग लाळ सुटायला लागली, चिकट, फेसाळ, गिळताच येईना. "अगं, घोटभर पाणी पी, उतरेल खाली," आई म्हणाल्या. मी प्यायले. मिनिटभरात ते जसंच्या तसं वर आलं. पुढचा पाऊण तास मी बेसिनपाशी उभी होते आणि आई दारात रडवेल्या होऊन उभ्या होत्या.

त्या दिवशी आमच्या एका जेवणात तीन चुका झाल्या होत्या: मऊ ताजी पोळी, सकाळची वेळ आणि वरून पाणी. तुमच्या घरी तरी त्या होऊ नयेत.

बँड म्हणजे पोटाच्या वरच्या भागाभोवती बसवलेलं सिलिकॉनचं कडं. कड्याच्या वर जेमतेम दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० मिली मावेल एवढी पिशवी उरते. खाली नेहमीचं पोट आणि मध्ये अरुंद वाट. कातडीखाली एक पोर्ट, म्हणजे बँडला नळीने जोडलेली छोटी डबी असते, त्यातून सुईने सलाइन भरून किंवा काढून ही वाट कमी-जास्त करतात. त्या वाटेवर पदार्थ पौष्टिक आहे का, याला काही किंमत नाही. तो चावल्यावर सुटा होतो की गोळा होतो, एवढंच तिथे ठरतं.

पोळी, पाव आणि वाटीतली परीक्षा

एका वाटीत कोमट पाणी घ्या. पोळीचा तुकडा भिजवून बोटांनी चुरडा. तो परत कणकेसारखा होतो, बोटांना चिकटतो. पावाचं तर आणखी वाईट, दाबला की लगदा. आता ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तसाच चुरडा, तो पाण्यात विरतो. गव्हातला चिकटपणा ज्वारीत नाही, म्हणून. मी हे ओट्याशी उभं राहून आईंना करून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात भाकरी सुरू झाली. डॉक्टरांनी दिलेल्या छापील कागदाने जे झालं नव्हतं, ते त्या वाटीने झालं.

पोळी हवीच असेल तर पातळ फुलका कडक भाजून, छोटे तुकडे करून, आमटीबरोबर खाऊन बघा. ताज्या ब्रेडपेक्षा कडक टोस्ट बरा, कारण तो चावताना मोडतो. मिसळीतली मऊ शिजलेली मटकी अनेकांना चालते, तिखट सोसत असेल तर. पाव मात्र बाजूला राहू द्या. वडापाव आणि बनमस्का यांचा नाद मी पूर्ण सोडला आहे.

भाताचंही तेच. मावळातला इंद्रायणी वासाला सुरेख, पण चिकट. त्याचा घट्ट घास वर अडून बसतो. सुटा शिजणारा कोलम, त्यावर भरपूर वरण आणि चमचा लहान, हे जमतं. चतुर्थीला हमखास फसवते ती साबुदाण्याची खिचडी. उपास असेल तर भगर पातळसर करा.

चिकन कोरडं नको

छातीकडचा भाग, तोही फ्रिजमधून काढून पुन्हा गरम केलेला, हा सगळ्यात जास्त अडकणारा प्रकार. धागे तुटत नाहीत. खिमा, रश्शात मुरलेलं मांडीचं मांस किंवा मऊ मासा घ्या. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग काहींना रबरासारखा लागतो, त्यांना भुर्जी चालते. तळून चिवट झालेल्या पनीरपेक्षा ताजं कुस्करलेलं पनीर कधीही बरं. प्रथिनं सोडून चालत नाही. साधारणपणे दिवसाला ६० ग्रॅम तरी सांगतात, तुमचा आकडा आहारतज्ज्ञांकडून घ्या.

भाज्यांमध्ये दोरे शोधायची सवय लावा. गवार, फरसबी, पालेभाजीचे देठ, शेवग्याच्या शेंगेचे चोथे. शेवगा चमच्याने खरवडून फक्त गर घ्या. संत्र्याची फोड सोलून आतला गर खा, पेरूची साल आणि बिया काढा, अननस आणि ओलं खोबरं नकोच. मंडईतून पपई किंवा पिकलेला चिकू आणा.

जे सहज उतरतं, त्याच्यापासून सावध

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती चूक वाटतच नाही. दोन-तीनदा पोळी अडकली की माणूस घाबरतो आणि जे विनात्रास जातं तिकडे वळतो: आइस्क्रीम, मस्तानी, चहात बुडवलेली बिस्किटं, तोंडात विरघळणारे पेढे. छातीत दुखत नाही, उलटी नाही. पोट भरत नाही आणि कॅलरी मात्र पुरेपूर जातात. मग वजन हलत नाही म्हणून बँड आणखी टाइट करायचा, म्हणजे जेवण आणखी अडकणार आणि मस्तानी आणखी गोड लागणार. या फेऱ्यात मी पाच महिने काढले. साधं घट्ट वरण, उसळ, भाकरी जात नसेल, तर बँड जास्त टाइट असू शकतो. तेव्हा तो सैल करून घ्यायला सांगावं, त्यात हार वगैरे काही नाही.

पाण्याचंही याच्याशी नातं आहे. जेवताना पाणी प्यायलं तर पिशवीतलं अन्न लवकर खाली वाहून जातं आणि भूक परत लागते. जेवणानंतर निदान अर्धा तास थांबा. सोड्याची पेयं टाळा, गॅस वर कोंडतो.

सकाळी अनेकांचा बँड घट्ट वाटतो. मी उठल्यावर आधी गरम पाणी घेते आणि घन पदार्थ दहानंतर. घास हरभऱ्याएवढा, चावून पार लगदा होईपर्यंत, दोन घासांत थोडी उसंत. लग्नाच्या पंगतीत आग्रह होतो तेव्हा "पोटाचं ऑपरेशन झालंय" एवढं स्पष्ट सांगते. घाईत गिळलेला एक जिलबीचा तुकडाही अख्खी संध्याकाळ घालवतो.

अडकलंच तर

खाणं तिथेच थांबवा. पाणी, सोडा, लिंबू, काही नको. उभे राहा, हळू चाला. घशात बोटं घालून उलटी काढू नका. वारंवार जोर पडला तर बँड घसरू शकतो किंवा वरची पिशवी ताणली जाते. मोकळं झाल्यावर दिवसभर फक्त पातळ पदार्थ घ्या, कारण आतला भाग सुजलेला असतो आणि लगेच जेवलं तर पुन्हा अडकतं. मोठ्या गोळ्याही अडकतात. पण कुठलीही गोळी विचारल्याशिवाय कुटू नका, सिरप मिळतं का विचारा.

काही तास पाणी किंवा स्वतःची लाळसुद्धा उतरत नसेल, पोटात असह्य दुखत असेल, उलटीत रक्त असेल किंवा शौच काळी होत असेल, तर सकाळची वाट बघू नका. रात्री आडवं झाल्यावर खोकला येतो, उशीवर आंबट पाणी येतं, हे अॅसिडिटी समजून गोळ्या खात बसू नका, बँड तपासून घ्या. उलट्या बरेच दिवस चालल्या तर बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं. तोल जाणं, दोन-दोन दिसणं, पायाला मुंग्या ही त्याची लक्षणं असू शकतात.

वजन कमी करण्यासाठी आता बहुतेक ठिकाणी स्लीव्ह आणि बायपास ही पोटाची दुसरी ऑपरेशनं होतात, बँड फार कमी. त्यामुळे रात्रपाळीच्या डॉक्टरांनी पोर्ट कधी हाताळलेला नसण्याची शक्यता आहे आणि त्यासाठी लागणारी खास सुईही सगळीकडे नसते. माझ्या पर्समध्ये एक कार्ड असतं: बँडची कंपनी, ऑपरेशनची तारीख, शेवटी किती मिली भरलं, सर्जनचा नंबर. त्याची दुसरी प्रत आईंनी फ्रिजवर लावली आहे.