जेन्किन्सवर प्लगइन चढवण्याआधी: व्हेरिएबलची तयारी

जेन्किन्स म्हणजे कोडचं बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणारा सर्व्हर. त्यावर नवा प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) टाकायचा किंवा जुन्याची आवृत्ती वाढवायची म्हटलं की आपण बॅकअप घेतो, रीस्टार्टची वेळ ठरवतो, टीमला कळवतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे बिल्डला नावाने मिळणाऱ्या किमती, बघायचे राहतात. एकच नाव दोन प्लगइन भरत असतील तर शेवटी कोणाची किंमत टिकते, हे बिल्ड फुटल्यावर शोधत बसण्यापेक्षा आधी बघून ठेवलेलं बरं.

सुरुवात आजच्या नोंदीने करा. प्रत्येक प्रकारच्या एजंटवर (जिथे बिल्ड चालतात त्या मशीनवर) एक साधा जॉब चालवायचा. त्यात एवढंच काम: प्रिंटएन्व्ह (सगळे व्हेरिएबल छापणारी कमांड), मग सॉर्ट, मग आउटपुट फाइलमध्ये. प्लगइन टाकल्यावर तोच जॉब पुन्हा चालवून दोन्ही फाइलींचा डिफ (फरक) घ्या. काय आलं, काय गेलं, काय बदललं ते समोर दिसतं. मात्र हा जॉब विथक्रेडेन्शियल्सच्या (बिल्डला पासवर्ड पुरवणाऱ्या ब्लॉकच्या) आत चालवू नका. कन्सोलवर पासवर्डच्या जागी चांदण्या दिसतात, पण फाइलमध्ये तो जसाच्या तसा उतरतो.

मग सर्व्हरच्या पत्त्यापुढे एन्व्ह-व्हार्स डॉट एचटीएमएल जोडून ते पान उघडा. जेन्किन्स स्वतः देतो ते व्हेरिएबल तिथे आहेतच, शिवाय ज्या प्लगइनांनी आपली माहिती दिली आहे त्यांचेही सापडतात. सगळे प्लगइन ती देत नाहीत, म्हणून वरचा डिफ सुटत नाही.

आता कोणता व्हेरिएबल कुठे ठरतो ते लिहून काढा. सिस्टिम सेटिंगमधल्या ग्लोबल किमतीवर एजंटच्या सेटिंगमधली किंमत बसते. डिक्लेरेटिव्ह पाइपलाइनमध्ये (बिल्डच्या पायऱ्या ठरलेल्या साच्यात लिहायच्या पद्धतीत) एन्व्हायर्नमेंट ब्लॉकात ठरवलेला व्हेरिएबल नंतर स्क्रिप्टमध्ये 'एन्व्ह डॉट अमुक' असं लिहून बदलत नाही, आणि त्याबद्दल एररही येत नाही. तो बदलायचा तर विथएन्व्ह हा ब्लॉकच वापरावा लागतो. शेल स्टेपमधलं एक्स्पोर्ट त्या स्टेपपुरतंच. पुढची स्टेप नवा शेल उघडते.

सर्वांत जास्त वेळ पाथला, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीला, द्या. ग्लोबल सेटिंगमध्ये पूर्ण पाथ लिहिलेला दिसला तर तो आधी काढा. एक एजंट लिनक्सवर, दुसरा विंडोजवर असेल तर एकच पाथ दोघांना चालणार नाही. जेन्किन्समध्ये यासाठी सोय आहे: नावात पाथ, मग अधिकचं चिन्ह, मग कुठलाही शब्द, जसं मेव्हन या बिल्ड-टूलसाठी 'पाथ+मेव्हन', आणि किंमत म्हणून मेव्हनच्या बिन फोल्डरचा पत्ता. ही किंमत असलेल्या पाथच्या सुरुवातीला जोडली जाते, जुना पाथ पुसला जात नाही. प्रत्येक टूलने शब्द वेगळा घेतला की ती एकमेकांच्या आड येत नाहीत.

एन्व्हइंजेक्ट हा बिल्डमध्ये व्हेरिएबल घालणारा प्लगइन कुठे कुठे वापरात आहे, तेही शोधा. फ्रीस्टाइल (पाइपलाइनआधीच्या, फॉर्म भरून बनवायच्या) जॉबांच्या काळात त्याने पुष्कळांची सोय केली, पण पाइपलाइनशी त्याचं अर्धवटच जमतं, आणि तो बिल्डच्या फोल्डरमध्ये इंजेक्टेडएन्व्हव्हार्स नावाची टेक्स्ट फाइल टाकतो. नव्या पाइपलाइनमध्ये तो नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. जुने जॉब हलवेपर्यंत चालू ठेवायचा असेल तर निदान त्या फाइली उघडून आत गुपितं नाहीत ना, हे पाहा.

गुपितांचं आणखी एक: शेल स्टेपची कमांड दुहेरी अवतरणात असेल तर पासवर्ड ग्रूव्ही (पाइपलाइनची भाषा) आधीच भरून टाकतो आणि तो प्रोसेसच्या यादीत दिसू शकतो. एकेरी अवतरणात लिहिलं की तो शेलच वाचतो. शिवाय चांदण्यांचा पडदा ठरावीक मजकुरापुरताच असतो. पासवर्डचं रूप बदलून छापलं तर तो लॉगमध्ये उघडा पडू शकतो.

एक जॉब दुसऱ्याला पॅरामीटर पाठवत असेल तर ते पॅरामीटर दुसऱ्या जॉबमध्ये जाहीर केलेले आहेत का ते तपासा. मे २०१६ च्या सुरक्षा दुरुस्तीपासून (जेन्किन्स २.३ आणि एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती, १.६५१.२) जाहीर न केलेले पॅरामीटर व्हेरिएबल म्हणून पोचत नाहीत. सिस्टिम प्रॉपर्टी लावून जुनी वागणूक परत आणता येते. ती न आणता पॅरामीटर जाहीर करावेत.

लिनक्सवर पॅकेजमधून जेन्किन्स बसवला असेल तर सर्व्हरचे स्वतःचे व्हेरिएबलही बघा. २.३३५ आणि एलटीएस २.३३२.१ पासून तो सिस्टिमडीखाली (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेखाली) चालतो, त्यामुळे इटीसी-डिफॉल्टमधल्या जुन्या फाइलीत बदल करून काही होत नाही. 'सिस्टिमसीटीएल एडिट' या कमांडने ओव्हरराइड (मूळ सेटिंगवर बसणारी फाइल) लिहावा लागतो. एजंटच्या मशीनवर काही बदललं तर एजंट तोडून पुन्हा जोडा, कारण तो सुरू होतानाचं एन्व्हायर्नमेंट घेऊनच चालतो.

प्लगइन काढायचा असेल तर त्याने दिलेली नावं सगळ्या जेन्किन्सफाइली (पाइपलाइन लिहिलेल्या फाइली) आणि शेल स्क्रिप्टांमध्ये ग्रेप करा, म्हणजे शोधा. व्हेरिएबल नाहीसा झाला तर शेल त्याच्या जागी रिकामी जागा धरून पुढे जातो. जेन्किन्सची शेल स्टेप एक्स (प्रत्येक कमांड छापणारा) आणि ई (चूक झाली की थांबणारा) हे पर्याय स्वतः लावते, यू (न ठरवलेला व्हेरिएबल आला की थांबणारा) लावत नाही. फोल्डर पुसणाऱ्या स्क्रिप्टांच्या सुरुवातीला 'सेट उणे यू' प्लगइन काढण्याच्या आदल्या दिवशीच घालून ठेवा.