शू पॉटीत, पण शी फक्त डायपरमध्ये: आमचं असं सुटलं

अडीच वर्षांची लेक शीसाठी डायपरच मागायची. नाही दिला तर रोखून धरायची. चॉकलेटचं आमिष, गाणारी पॉटी, बराच वेळ बसवून ठेवणं, सगळं फसलं. रडूच यायचं.

ऐरोलीतल्या डॉक्टरांनी आधी बद्धकोष्ठता तपासली. हे टाळू नका. कडक शी दुखते, म्हणून मुलं रोखतात.

मग क्रम असा. नाश्त्यानंतर लगेच, कारण खाल्ल्यावर आतडी हलतात. आधी बाहुली पॉटीवर. तिची शी म्हणजे कणकेचा गोळा. मग लेक, डायपर घालूनच. पाय पाटावर टेकलेले, गुडघे कमरेपेक्षा जरा वर. चित्रांचं पुस्तक फक्त तिथेच मिळणार. 5 मिनिटांनी उठवायचं, झाली नाही तरी. हे जमल्यावर डायपर सैल केला, पुढे पॉटीत नुसता अंथरला, शेवटी काढला. बाहुली मात्र अजून आधी बसते.