डोकेदुखीचा प्रकार कसा ओळखावा

सहा ते आठ आठवडे एक वही ठेवावी आणि डोके दुखेल त्या प्रत्येक दिवशी वेळ, दुखण्याची जागा, सोबतची लक्षणे आणि घेतलेली गोळी लिहावी.

डोके दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखे दुखते, पण मळमळ नसते आणि जिना चढल्याने त्रास वाढत नाही, अशी नोंद असेल तर ती बहुधा ताणाची डोकेदुखी असते. एकाच डोळ्याभोवती असह्य कळ येऊन त्याच डोळ्यातून पाणी वाहत असेल, ती पंधरा मिनिटे ते तीन तास टिकत असेल आणि माणसाला एका जागी बसवत नसेल, तर ती क्लस्टर डोकेदुखी असू शकते, न्यूरॉलॉजिस्टला दाखवावे.

खरी फसगत अर्धशिशीच्या बाबतीत होते. मी स्वतः कित्येक वर्षे तिला पित्त समजून आम्लपित्ताच्या गोळ्या घेत राहिलो, कारण उलटी झाली की डोके उतरत असे आणि घरातली वडीलधारी मंडळीही तेच निदान करीत. मळमळ आणि उलटी ही अर्धशिशीचीच लक्षणे आहेत, हे मला फार उशिरा कळले. नावावरून अर्धेच डोके दुखले पाहिजे असे वाटते, परंतु अनेकांचे दोन्ही बाजूंनी दुखते. नाक चोंदते आणि डोळ्यांतून पाणीही येते, म्हणून लोक त्याला ‘सायनस’ म्हणतात. ताप किंवा नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव नसेल, तर या निदानावर माझा विश्वास नाही. अर्धशिशी ओळखण्यासाठी उजेड व आवाज नकोसा होतो का, हालचालीने ठणका वाढतो का आणि उपचाराविना दुखणे चार ते बहात्तर तास टिकते का, हे वहीत पाहावे.

गोळ्यांचे दिवस अवश्य मोजावेत. साधी वेदनाशामके महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस आणि संयुक्त गोळ्या (एकाच गोळीत अनेक औषधे) वा ट्रिप्टान (अर्धशिशीवरची खास औषधे) दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर औषधामुळेच डोके दुखू लागू शकते. ‘दुखले की लगेच घे’ हा सल्ला म्हणूनच मला अपुरा वाटतो.

मिनिटभरात शिगेला पोहोचणारी वेदना, तापासोबत ताठरलेली मान, अडखळणारी वाचा किंवा हातापायातील अशक्तपणा आढळल्यास वही बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही विनाविलंब डॉक्टरांना दाखवावी.